काहील, कारखाना आणि क्रूझ

"आरं, एवढं लोखंड पाण्यावर ऱ्हातंय कसं?"

क्रूझचे तिकीट हातात पडल्यावर घाटावरच्या माणसाच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा हाच. कऱ्हाड तालुक्यातले उंब्रज पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर. सरळ रेषेत मोजला तर अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरही नाही. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, त्यामुळे समुद्र ही गणपतीपुळ्याच्या सहलीत पाहायची गोष्ट. मुंबईत माथाडीत किंवा गिरणीत उभा जन्म काढलेली माणसेसुद्धा चौपाटीपुढे गेलेली नसतात. आता त्यांची मुले कोपरखैरणे-घणसोलीत राहतात, आणि आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली की मोबाइलवर तिकिटे काढून मोकळी होतात. अशी जोडपी उंब्रजमध्ये, मसुरात, चाफळच्या खोऱ्यात आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. या प्रकरणापुरते त्यांतलेच एक जोडपे सोबत घेऊ. त्यांना आबा आणि आई म्हणू, कारण मुलगा त्यांना तेच म्हणतो.

जाहिरातीत या जहाजाला 'तरंगते पंचतारांकित हॉटेल' म्हटलेले असते. आबांना पंचतारांकित हॉटेलची माहिती नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. हॉटेलला वीज महावितरण देते, पाणी नगरपालिका देते, मैला गटार वाहून नेते. जहाजाला हे तिन्ही स्वतः करावे लागते, तेही चालता चालता. म्हणून क्रूझ समजून घ्यायची असेल तर हॉटेल विसरावे आणि साखर कारखाना आठवावा. तो कऱ्हाड तालुक्यातल्या माणसाला पाठ असतो.

१. मध्यम म्हणजे केवढे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून २०२१च्या सप्टेंबरपासून 'एम्प्रेस' नावाचे जहाज कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीतर्फे गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. जहाज नवे नव्हते. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथे ते बांधले गेले, तेव्हा त्याचे नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होते. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच त्याची आखणी झाली होती. पुढे मालक आणि नावे बदलत ते भारतात आले. लांबी सुमारे २११ मीटर, रुंदी तीस मीटरहून थोडी जास्त, केबिन आठशेच्या आसपास, प्रवासी सतराशे-अठराशे, आणि त्यांच्या दिमतीला सहाशेहून अधिक कर्मचारी.

आजच्या हिशेबात हे मध्यम जहाज. २०२४मध्ये प्रवासी घेऊन फिरू लागलेले 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे आणि भरले तर साडेसात हजार प्रवासी घेते. त्यापुढे एम्प्रेस म्हणजे उंब्रजपुढे तारळे गाव. मात्र दुसरी तुलना केली की चित्र पालटते. १९१२ साली जगातले सर्वांत मोठे जहाज टायटॅनिक होते, ४६,३२८ टनांचे. एम्प्रेस ४८,५६३ टनांचे आहे. मोजण्याची रीत मधल्या काळात थोडी बदलली, तरी शंभर वर्षांपूर्वी ज्याला राक्षस म्हणत त्याला आज मध्यम म्हणतात हे खरेच.

या टनाचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. इथला टन वजनाचा नाही. जहाजाच्या पोटात किती पोकळी आहे, याचे ते माप आहे. जुन्या काळी जहाजात दारूची किती पिंपे मावतात त्यावरून युरोपात कर घेत. त्या पिंपाच्या नावावरून हा शब्द आला. धान्याचे कोठार आपण 'शंभर पोत्यांचे' म्हणतो तेव्हा कोठाराचे वजन सांगत नसतो, तसेच हे. ४८,५६३ टन म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार घनमीटर पोकळी.

मग जहाजाचे खरे वजन किती? ते काढायला तराजू लागत नाही, गुऱ्हाळावरची काहील पुरते.

२. काहील

उसाचा रस आटवायची काहील सर्वांनी पाहिलेली असते. आठ फूट व्यासाची, पसरट, पत्र्याची. कृष्णा-पंचगंगेला पूर आला की हीच काहील गुऱ्हाळघरातून बाहेर येते आणि माणसे, शेरडे, दुधाच्या किटल्या घेऊन पाण्यातून जाते. सांगली-कोल्हापूरकडच्या पूरग्रस्त गावांत हे दृश्य अनेकदा दिसलेले आहे. लोखंड बुडते हे ज्यांना पक्के माहीत असते, तीच माणसे लोखंडाच्या काहिलीत बिनघोर बसतात.

नियम एका वाक्याचा आहे. पाण्यात गेलेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला खालून वर लावते. आर्किमिडीजने हे दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी सांगितले. लोखंडाचा गोळा स्वतःच्या आकारापुरतेच पाणी सारतो, म्हणून बुडतो. तोच गोळा ठोकून काहील केली की लोखंड तेवढेच राहते, पण सारले जाणारे पाणी कितीतरी वाढते.

हिशेब करून पाहू. काहिलीचा व्यास २.४ मीटर, तळ सपाट आणि कडा उभ्या मानल्या, तर तळाचे क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर भरते. ती दहा सेंटिमीटर बुडाली की साडेचारशे लिटर पाणी सारते, म्हणजे साडेचारशे किलो वजन पेलते. काहील दीडशे किलोची आणि आत साठ साठ किलोची चार माणसे, असे एकूण ३९० किलो झाले. काहील नऊ सेंटिमीटरही बुडणार नाही.

आता हेच जहाजाला लावा. पाण्याखाली त्याचा जेमतेम सात मीटर भाग असतो, सरासरी अडीच मजले. लांबी २००, रुंदी ३०, खोली ७ मीटर धरली तर गुणाकार ४२,००० घनमीटर येतो. पण जहाज म्हणजे चौकोनी डबा नव्हे. पुढून निमुळते, मागून कापलेले, म्हणून त्याचे साठेक टक्के घेऊ. ढोबळमानाने २५,००० घनमीटर. समुद्राचे एक घनमीटर पाणी १,०२५ किलो भरते. म्हणजे जहाजाचे वजन पंचवीस-सव्वीस हजार टन. दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरवर वीस टन ऊस धरला, तर सुमारे साडेबाराशे ट्रॅक्टर. सह्याद्री साखर कारखान्याच्या दारात हंगामात लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हा आकडा डोळ्यांपुढे आणता येईल. आणि हे सगळे सात मीटर पाण्यावर तोललेले.

खाऱ्या पाण्याचा घनमीटर गोड्यापेक्षा पंचवीस किलोने जड, म्हणून तेच जहाज नदीच्या मुखात थोडे जास्त बुडते. मालवाहू जहाजांच्या अंगावर यासाठी वेगवेगळ्या रेघा आखलेल्या असतात.

३. उलटत का नाही

आईचा प्रश्न आबांच्या प्रश्नापेक्षा शहाणा होता. बंदरातून वर बघताना ती म्हणाली, "अवो, खाली एवढंसंच आन् वर दहा मजलं. कललं म्हंजी?"

काहिलीत एक जण उभा राहिला की बाकीचे ओरडतात. कारण सर्वांना ठाऊक आहे, वजन वर गेले की काहील डुचमळते. जहाज बांधणारेही तेच पाळतात. इंजिने, जनित्रे, तेलाच्या आणि पाण्याच्या टाक्या हे सारे जड सामान तळाशी. वरचे मजले म्हणजे पातळ पत्रा, काच आणि हवा. शिवाय तीस मीटरची रुंदी आहे. जहाज डावीकडे कलले की डावीकडचा जास्त भाग पाण्यात जातो, तिथे पाणी जास्त जोराने वर ढकलते, आणि जहाज सरळ होते. अरुंद होडी लवकर उलटते आणि पसरट काहील उलटत नाही, यामागे हेच आहे.

खरी भीती वेगळ्याच गोष्टीची. परातीत अर्धे पाणी घेऊन चालून पाहा. जरा हात कलला की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. भरलेल्या कळशीत असे होत नाही. जहाजात पाणी शिरले की त्याची परात होते. म्हणून पोटात आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेले असतात, आणि टँकरच्या टाकीतही आतून पत्र्याचे पडदे असतात, तेही याच कारणाने.

माणसांचेही पाण्यासारखेच असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला लोटली, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबागकडच्या कितीतरी घरांवर तेव्हा शोककळा पसरली. ज्या आगबोट कंपनीने ही बोट कोकणात आणली, ती संतांची नावे देऊन प्रवासी मिळवत असे, म्हणून 'रामदास', 'तुकाराम'. उंब्रजच्या मठात समर्थ रामदासांनी १६४९च्या सुमारास स्थापलेला मारुती आहे. समर्थ चाफळहून इथे कृष्णेवर स्नानाला येत, एकदा वाहून जाताना मारुतीने त्यांना वाचवले, अशी कथा गावात सांगतात. त्याच नावाच्या बोटीची ही कहाणी गावात फारशी कुणाला माहीत नसते. आपल्या भागाला जवळची आठवण ८ ऑगस्ट २०१९ची. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी बोट क्षमतेहून जास्त भरली आणि उलटली.

म्हणून जहाजावर पाय ठेवल्यावर पहिले काम असते कवायत. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे, जॅकेट कसे घालायचे ते पाहायचे. लोक कंटाळतात, सेल्फी काढतात. टायटॅनिकवर बावीसशेहून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांना. त्या वेळच्या कायद्याला ते पुरेसे वाटत होते. त्यानंतर १९१४मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि प्रत्येक माणसासाठी जागा सक्तीची झाली. कवायत मात्र निघाल्यापासून चोवीस तासांत कधीही चालत असे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर घासले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. ३२ जण दगावले. आता कवायत झाल्याशिवाय सहसा जहाज हलत नाही, आणि आबांना चहाचा कप खाली ठेवून उठावे लागले ते या कारणाने.

४. कुंभार्ली घाट आणि कान

कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात ज्यांना एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावे लागते, त्यांना जहाजाची धास्ती असतेच. दोन्हींचे मूळ एक आहे.

आपल्या कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या आहेत. डोके हलले की द्रव हलतो आणि मेंदूला कळते की शरीर वळले. गवंड्याच्या पातळीनळीतल्या पाण्याचेच काम, फक्त तीन दिशांना. केबिनमध्ये बसल्यावर डोळे सांगतात की भिंत, पलंग, टीव्ही सारे स्थिर आहे. कान सांगतो, हलते आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात की मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. एसटीचा चालक स्वतः कधी उलटी करत नाही, कारण वळण त्याला आधी दिसते.

यातूनच उपाय निघतात. डेकवर यावे आणि क्षितिजाकडे बघावे, म्हणजे डोळेही कानाच्या बाजूने साक्ष देतात. मोबाइलमध्ये डोके घालू नये. पोट रिकामे नको आणि तट्टही नको, आल्याचा तुकडा चघळावा. गोळी घ्यायची तर घरून निघतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. आणि तिकीट काढतानाच खोली मधली, खालच्या मजल्यावरची मागावी. एसटीची मागची सीट जास्त उडते, मधली कमी. जहाजाचेही तसेच. गंमत अशी की जी सगळ्यात वरची, टोकाची, महागडी खोली असते, तीच सगळ्यात जास्त हलते.

अशा बहुतेक जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना माशासारखे पर असतात. जहाज डावीकडे कलू लागले की यंत्र डावा पर असा वळवते की वाहते पाणी त्याला वर उचलेल. त्यामुळे डोलणे बरेच कमी होते. चालत्या जहाजातच पर काम करतात, उभ्या नाही.

शिवाय हंगाम. पावसाळ्यात मुंबई-गोवा फेऱ्या बंद असतात. त्या काळात हे जहाज पूर्व किनाऱ्यावर जाते. २०२३च्या जूनमध्ये त्याने चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या. म्हणजे इकडे जहाज फिरायचे ते दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. कारखान्याचे धुराडेही त्याच सुमारास पेटते, आणि ऊस तुटेपर्यंत उंब्रजचा शेतकरी सहसा मोकळा नसतो. आबांना तारीख मिळाली ती मार्चची.

५. पाणी कुठून येते

केबिनच्या मोरीत आईने नळ सोडला आणि लगेच बंद केला. पाणी जपून वापरायची सवय. मग तिने विचारले, एवढ्या लोकांना पाणी भरून आणतात तरी कशात?

माणशी दिवसाला दोनशे लिटर धरा. आंघोळ, स्वयंपाक, धुणी, भांडी सगळे त्यात. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २,४०० माणसे, म्हणजे रोज चार लाख ऐंशी हजार लिटर. माण-खटावच्या दुष्काळात फिरणारा टँकर दहा हजार लिटरचा मानला तर रोज ४८ टँकर. बंदरातून काही भरून घेतात, पण बरेचसे पाणी जहाज समुद्रातूनच करते.

समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी उकळावे, वाफ धरावी, थंड करावी. मीठ मागे राहते. पण रोज पाच लाख लिटर पाणी शंभर अंशांपर्यंत तापवून वाफ करायचे तर इंधन परवडणार नाही. इथे महाबळेश्वर उपयोगी पडते.

कृष्णा जिथे उगम पावते तिथे, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी शंभर अंशांपर्यंत तापत नाही. पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळते, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाण्याला वाफ होऊन निसटणे सोपे. प्रेशर कुकर याच्या उलट करतो. मग एखाद्या बंद भांड्यातली हवा पंपाने काढून घेतली तर? पाणी साठ अंशांना, त्याहून कमीलाही उकळू लागेल. जहाजाच्या इंजिनात जळणाऱ्या तेलातली निम्म्याहून अधिक उष्णता कामाला येत नाही, ती इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात आणि धुरात जाते. ते ऐंशी-नव्वद अंशांचे गरम पाणी एरवी फुकट गेले असते. हवा काढलेल्या भांड्याला तेच पुरते.

कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला इथे काही नवे वाटणार नाही. गुऱ्हाळावर उघड्या काहिलीत रस आटवतात, गूळ उतरताना तो ११८ अंशांच्या आसपास गेलेला असतो, आणि गुळव्याची नजर चुकली की करपतो. साखर कारखान्यात तोच रस एकापुढे एक जोडलेल्या बंद भांड्यांतून जातो. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, आणि पुढच्या प्रत्येक भांड्यातला दाब आधीच्यापेक्षा कमी. शेवटच्या भांड्यात रस पंचावन्न-साठ अंशांनाच उकळत असतो. साखर जळत नाही, वाफ वाचते. ही युक्ती १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियू याने उसाच्या रसासाठी काढली. तीच युक्ती पुढे समुद्राचे पाणी गोडे करायला वापरली गेली. कारखान्याला हवा असतो तळाशी उरलेला पाक, वाफ ही अडचण. जहाजाला हवी असते वाफ, तळाशी उरलेला खारट पाक परत समुद्रात.

दुसरी रीत आता गावोगावच्या पाणी एटीएममुळे ओळखीची झाली आहे. खूप दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचे. अनेक जहाजांवर दोन्ही असतात.

वीजही इथलीच. मोठी डिझेल जनित्रे रात्रंदिवस चालतात, आणि खाली इंजिनखान्यात पाळ्या असतात, चार तास काम आणि आठ तास सुट्टी अशा. वर गाणी चालू असताना खाली कानात बोळे घालून बसलेली ही माणसे प्रवाशाला दिसत नाहीत. आबांना तीच पाहायची होती. परवानगी मिळाली नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने ती कोणालाच सहसा मिळत नाही.

मैल्याचे काय, हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. संडासाचे बटण दाबले की 'भस्स' असा मोठा आवाज होतो आणि पहिल्यांदा माणूस दचकतो. तिथे पाण्याऐवजी हवा काम करते. नळीतली हवा आधीच काढलेली असते, झाकण उघडताच मैला ओढला जातो, पाणी लिटरभर पुरते. पुढे तो शुद्धीकरण यंत्रात जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रक्रिया न केलेले सांडपाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही, आणि प्लास्टिक तर कुठेच टाकता येत नाही. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांचे सांडपाणी सरळ ओढ्यातून नदीत उतरते. त्या गावांतून आलेल्या माणसाला हा नियम ऐकून क्षणभर गप्प व्हायला होते.

६. रात्रभर का लागते?

विमानाने तासाभराचे गोवे. मग जहाजाला रात्र का?

समुद्रावर अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा विचित्र आकडा पृथ्वीच्या गोलाईतून आला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. त्यामुळे नुसत्या नकाशावरून अंतर काढता येते. मुंबई जवळजवळ १९ अंशांवर, मुरगाव बंदर १५.४ अंशांवर. फरक साडेतीन अंशांहून थोडा जास्त, गुणिले साठ, म्हणजे सव्वादोनशेच्या आत-बाहेर सागरी मैल. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पूर्वी गाठी मारलेली दोरी मागे सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत, त्या गाठीचे इंग्रजी नाव राहिले.

हे जहाज ताशी एकोणीस नॉटच्या आसपास धावू शकते. म्हणजे बारा तासांत गोवा. पण पाणी कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. दुप्पट वेगाला दुप्पट नव्हे, ढोबळमानाने आठपट ताकद. उलट वेग एकोणीसवरून चौदावर आणला, तर ताकद चाळीस टक्के पुरते. वेळ बाराऐवजी सोळा तास लागतो, तरी एकूण तेल निम्म्याच्या जवळपास येते. तेल वाचते आणि प्रवाशाला दोन जेवणे, एक नाच आणि एक झोप मिळते. क्रूझचा धंदा या हिशेबावर उभा आहे. जुन्या कोकण बोटीला माणसे लवकर पोचवायची होती. क्रूझला तशी घाई नाही, तिला तर तुम्हाला निघाल्या जागीच परत आणून सोडायचे आहे.

पैशांचे थोडक्यात. तिकिटावरचा आकडा माणशी असतो आणि तो एका केबिनमध्ये दोघे धरून. बंदराचे शुल्क, कर आणि सेवाशुल्क वर लागते. जेवण तिकिटात, दारू आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त. झोपण्यापुरती ती छान, फक्त सकाळ झालेली कळत नाही. मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि ती संध्याकाळी खोलीत येते, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. देशातल्या देशात फोटो ओळखपत्र चालते, श्रीलंकेला पासपोर्ट. आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. बंद जागेत हजारो माणसे एकाच पळ्यांनी वाढून घेतात, तिथे जुलाब-उलट्यांची साथ वणव्यासारखी पसरते.

७. वेळणेश्वरसमोर

संध्याकाळी पाचला सुटलेले जहाज मध्यरात्रीच्या सुमारास दाभोळ, गुहागर ओलांडते. वेळणेश्वर १७.४ अंश अक्षांशावर आहे. उंब्रजही तिथेच, थेट पूर्वेला.

आबा तेव्हा डेकवर होते. आई जेवून झोपली होती. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवरून क्षितिज अठराएक किलोमीटरवर असते. उंचीचे वर्गमूळ घ्यावे आणि साडेतीनने गुणावे, एवढाच हिशेब. त्यापलीकडचे पृथ्वीच्या फुगवट्याखाली जाते. अंजनवेलचा टाळकेश्वर दीपस्तंभ मात्र त्याहून लांबून दिसू शकतो, कारण तो स्वतःच डोंगरावर उभा आहे. काळोखात मागच्या अंगाला एक ठिपका उजळायचा, विझायचा.

त्या दिव्याखाली दाभोळची खाडी समुद्राला मिळते. खाडीत वाशिष्ठीचे पाणी येते, आणि वाशिष्ठीत कोयनेचे. महाबळेश्वरला कृष्णा आणि कोयना एकाच डोंगरावर उगम पावतात. कृष्णा वाई, माहुली, उंब्रज करत कऱ्हाडला येते, तिथे प्रीतिसंगमावर कोयना तिला मिळते आणि दोघी मिळून बंगालच्या उपसागराकडे जातात. पण धरणात अडवलेल्या कोयनेचे बरेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. ते वीजघरातली चाके फिरवून पोफळी-चिपळूणकडे उतरते आणि वाशिष्ठीतून इथे येते. सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊस या जहाजाखालच्या पाण्यात मिसळतो तो असा.

त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री-फेज लाइट रात्रपाळीची होती. रात्री बाराला मोटर चालू करायला आबांनी नातवाला बजावून ठेवले होते, आडसाली उसाचे पाणी चुकायला नको म्हणून. त्याने केली की नाही हे विचारायला त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरला आणि पुन्हा खिशात ठेवला. रेंज नव्हती.